मानेच्या दोन्ही बाजू सोडून

नारुमी दारात आला की आधी डिझेलचा वास येतो,
मग बुटांचा आवाज. डावा पाय जड,
तीस वर्षं माकुळाच्या होडीवर
त्याच पायावर भार टाकलेला.

"मित्सुएबाई, मान धरलीय. चांगली जोरात दाबा.
आणि आज ते मोजणं-बिजणं नको."

मी हो म्हणते आणि यंत्र काढते.
मला दिसत नाही म्हणून माझं यंत्र बोलतं.
एका तरुण बाईचा आवाज आहे त्यात,
ट्रामचा पुढचा थांबा सांगावा तसा:
एकशे ब्याण्णव. एकशे बारा.

खोलीत थोडा वेळ फक्त शेगडीचा आवाज.
"बिघडलंय ते," नारुमी म्हणतो.
"असेल. पाच मिनिटं गप्प बस."
त्याला गप्प बसता येत नाही. बोटं मांडीवर वाजवतो,
खोकतो, बंदरातल्या भोंग्याला नावं ठेवतो.
पुन्हा पट्टा, पुन्हा ती बाई:
एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे दहा.
"बघा, सुधारतंय!"

गोळ्या?
गोळ्या त्याने पावसाळी बूट ठेवतात त्या कपाटात ठेवल्यात.
त्या घेतल्या की रात्रभर लघवीला जावं लागतं, म्हणतो,
होडीवर दिवे पेटलेले, सगळे आपापल्या दोरीशी,
आणि हा एकटाच सारखा मागे पळतोय.
पोरं हसतात.

हे मला ठाऊक नव्हतं.
एवढ्या वर्षांत मी त्याच्या खांद्याची
गाठ न् गाठ ओळखली,
पण पोरांचं हसणं बोटांना कधी लागलं नाही.

"मग शेजारच्यांना सांगा, दोन सुया टोचतील.
सुईने उतरतं म्हणे."
पडद्याआडून शिगेहारू, झोपेतून उठल्यासारखा:
"उतरलं तर थोडं उतरेल.
पण सुई म्हणजे गोळीची सवत नव्हे, नारुमी,
तिला हाकलून ही घरात यायची नाही.
आणि ओकुयामासारखी रक्त पातळ करायची गोळी
तुला चालू असेल, तर तेही आधी सांगायचं असतं मला."

ओकुयामाचं नाव निघालं आणि नारुमीची बोटं थांबली.
ओकुयामा जाळ्यावरच पडला होता.
आता अर्ध्या तोंडाने बोलतो,
उरलेल्या अर्ध्याचं त्याची बायको सांगते.

आमच्या मास्तरांनी पहिल्याच वर्षी
माझी दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली होती.
इथे, जबड्याखाली. लागतंय?
लागत होतं. पिशवीत धरलेल्या मासळीसारखं.
म्हणाले, इथे दाबलंस तर माणूस बसल्या जागी कोसळेल,
आणि नळीत काही साचलेलं असलं
तर ते सुटून वर जाईल.
खांदा घे, पाठ घे, तळपाय घे,
ही जागा देवाची समज.
मास्तर देव मानत नव्हते.

मी नारुमीच्या मानेला हात लावला नाही.
डोकं दुखतंय का? छातीत? डोळ्यांपुढे काही?
नाही, नाही, जरा धूसर.
त्या "जरा"वर शिगेहारूने टॅक्सी बोलावली.
ती येईतो मी त्याचा पंजा हातात धरून बसले.
दाबला नाही. नुसता धरला.
दोरीने चिरलेला, मीठ खाल्लेला पंजा,
आणि त्यात घाम.
"याचे किती झाले?" त्याने दारातून विचारलं.

तीन आठवड्यांनी परत आला.
एकशे अडतीस, शहाऐंशी, म्हणाली ती बाई,
थांबा तोच, आवाज तोच.
गोळी आता सकाळी घेतो. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली,
एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"आता दाबा जोरात."
"मध्यम," मी म्हटलं,
आणि खांद्यापासून सुरुवात केली,
मानेच्या दोन्ही बाजू सोडून.

संपल्यावर: एकदम उठू नकोस, चक्कर येईल.
आधी कुशीवर हो. मग बस.
पाय खाली सोड आणि शंभरपर्यंत मोज.
"काय मोजू?"
"माकुळं मोज."
"हल्ली शंभर माकुळं मिळायला
अख्खी रात्र लागते, बाई."
"मग बस रात्रभर," मी म्हटलं,
आणि चहा ठेवायला उठले.