दुसऱ्या बाराआधी

सुहैल अल धाहेरी या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय.
ऑक्टोबरात हंगेरीला जायचंय त्याला, मेहुण्यासोबत,
हरणं आणि डुकरं, दोन्हींचा परवाना काढलाय,
रायफल मात्र एकच घ्यायची, असं बायकोचं म्हणणं.

मी काचेवर हिरवं फडकं अंथरतो.
बाहेर अल ऐनचा रस्ता शेहेचाळीस अंशांत पांढरा पडलेला,
आत एसी, बंदुकीच्या तेलाचा वास,
आणि माझ्या खिशावर पट्टी: अन्वर खलफे, विक्री.

ही बघा, म्हणतो मी, अर्धं अरबीत, उरलेलं हिंदीत,
अक्रोडाचा दस्ता, तीनशे आठ,
हरणाला पुरते, डुकरालाही, आणि खांदा मोडत नाही.
ही दुसरी प्लास्टिकची, पावसात फुगायची नाही,
पण तिकडच्या थंडीत गालाला लावाल तेव्हा कळेल.
लांब नळी मोकळ्या माळावर. झाडीत अडकते.
किलोभर हलकी घेतलीत तर डोंगर चढताना दुवा द्याल
आणि बार काढताना शिव्या.

हे सगळं मला पाठ आहे.
अकरा वर्षांत दोनशेवर विकल्या असतील.
उडवली एकही नाही.

त्याने दुर्बीण उचलली, नुसतीच,
आणि खिडकीतून समोरच्या लाँड्रीत पाहिलं.
इस्त्रीवाल्याच्या मिशा मोजता येतात, तो हसला.
येतात. मीही पाहिल्यात.
पण गोलात मिशा आल्या की
हात दिसत नाही, इस्त्री दिसत नाही,
शेजारी बसून बटणं लावणारा पोरगा तर नाहीच.

मग म्हणाला, ऑटोमॅटिक का नको?
डुकरं कळपानं येतात. एक पडलं की बाकीची उधळतात.
बोल्ट ओढेपर्यंत सगळं रान रिकामं.

तेव्हा मी जे बोललो ते कॅटलॉगात नव्हतं.

आमच्या गावी, खाडीच्या वरच्या अंगाला,
भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची.
बावाकडे ठासणीची बंदूक.
दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे, पुन्हा चिंधी, गज मारा,
दोन बारांमध्ये एक विडी ओढून व्हायची.
मेलेल्या डुकराला बावा हात लावत नसे.
आपलं काम शेतापुरतं, म्हणायचा,
आणि वाटे कातकरवाडीत पडायचे.

मी हाकाऱ्यात. पत्र्याचा डबा, काठी, घशाच्या शिरा ताणून ओरडायचं.
माझ्या डावीकडे सोनू हिलम.

त्या साली चिपळूणहून पाहुणे आले, नवी पाचबारी घेऊन.
डुक्कर करवंदीतून निघालं आणि
एका श्वासात पाच बार.
पहिला डुकराला. दुसरा मातीला.
तिसरा हलणाऱ्या करवंदीला,
आणि ती हलत होती सोनूमुळे.

मांडीत लागलं. जगला.
झोळीतून नेताना म्हणाला, आज माझा वाटा दोन माणसांचा धरा.
बावा सोडून सगळे हसले.
अजून पाय ओढतो. ईदला फोन करतो, दरवर्षी विचारतो,
तिकडे डुकरं आहेत काय रे?
नाहीत, म्हणतो मी, नुसत्या बंदुका आहेत.

सुहैल ऐकत होता, किंवा रायफलचं वजन बघत होता.
मी बोल्ट त्याच्यासमोर चालवला.
वर. मागे. पुढे. खाली.
एवढ्यात, साहेब, माणसाला 'मी आहे' म्हणता येतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, मेहुण्याने कुठली नेली होती तुमच्याकडून?
हीच, अक्रोडाची.
मग हीच, तो म्हणाला, पण दुर्बीण त्याच्याहून मोठी.

बिल केलं. परवान्याची झेरॉक्स जोडली.
काचेवर त्याच्या बोटांचे ठसे राहिले होते, पुसले.
समोरचा पोरगा इस्त्रीचे शर्ट घेऊन रस्ता ओलांडत होता,
इकडे तिकडे न बघता.
मी दार ढकलून ओरडलो, अरे, गाडी!

आवाज हाकाऱ्यातला निघाला.
पोरगा जागीच थांबला,
दोन्ही हातांतले हँगर वर धरून.