क्यू त्रेसष्ट

प्रयोगांची नोंदवही, संडरलंड, एकोणीसशे एक्याऐंशी.
अक्षर माझंच, पण इतकं ताठ
की कुणी मागे उभं राहून लिहून घेतंय जणू.

नाटक एका जहाजाचं.
लेखकानं तिसऱ्या अंकात, कंसात, एवढंच लिहिलेलं:
जहाज पाण्यात जातं.
तीन शब्द. वजन भरलं एकवीस टन.

म्युनिसिपालिटीचा माणूस आला, वाकून तळघरात गेला,
बारच्या पिंपांवर टॉर्च मारत म्हणाला,
खालून टेकू द्या, नाहीतर
तुमचा समुद्र बिअरमध्ये उतरेल.
मग बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीतून
अकरा खांब आले, काळे,
हात लावला की हात काळा.

हौद जोडला कथबर्ट रेननं.
सत्तावीस वर्षं खरी जहाजं जोडून
मार्चमध्ये घरी बसवलेला माणूस.
त्यानं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाला, हे तरंगणार नाही.
तरंगायला नकोच, लायनल म्हणाला,
तरंगल्यासारखं दिसलं की झालं.
कथबर्ट बराच वेळ काही बोलला नाही.
मग त्यानं ते तरंगणारंच केलं.

मी क्यू देणारी.
कुर्लेकर कुणाच्या जिभेवर बसेना
म्हणून सगळे मला कर्ली म्हणत,
केस माझे काठीसारखे सरळ.
आमच्या सांगलीला तिसरी घंटा होते, नारळ फुटतो.
इथं विंगेत एक लाल दिवा: तयार राहा.
मग हिरवा: सोड.
दोन दिव्यांच्या मधल्या फटीत माझी नोकरी.

पहिला प्रयोग: जहाज निम्म्यात अडलं.
नायिका म्हणाली, विचार करतंय ते. हशा.
दुसरा: पाणी पहिल्या रांगेत,
महापौरांच्या पत्नीचे बूट, भरपाई नऊ पौंड.
चौथा: विंच सुरू करताच फ्यूज गेला,
अख्खं थिएटर, बारसकट, अंधारात.
सहावा रद्द.
आठव्याला पाणी तापवायचंच राहिलं
आणि बुडणारा पोरगा झालेला डेन्झिल
खरोखर निळा पडला.
(त्या रात्री समीक्षक आले होते. अभिनयाची स्तुती छापून आली.)
मोइरा, आमची दिग्दर्शिका, मागच्या जिन्यावर बसून
सँडविच खात होती आणि रडत होती,
कुठलंच न थांबवता.

अकरावा. बुधवार, दुपारचा खेळ.
बाहेर बर्फाचा चिखल.
प्रेक्षक एक्केचाळीस: एक शाळेची सहल,
दोन बायका विणत बसलेल्या, एक जण झोपलेला.
क्यू बासष्ट, धुकं.
क्यू त्रेसष्ट, लाल.

हिरवा.

आधी ग्रीसचा वास.
मग लाकडाचा एक लांब, पोटातून आलेला आवाज,
आणि ते निघालं,
न अडता, न डगमगता, स्वतःच्याच वजनानं,
पाण्यात शिरलं.
लाट उठली, हौदाच्या काठाशी आली,
कथबर्ट म्हणाला होता तशी
काठाच्या बोटभर खाली थांबली
आणि परत फिरली.

कुणी टाळी वाजवली नाही.
त्यांना वाटलं, हे रोजच होत असणार.
विणणारीचा एक टाका तेवढा निसटला असावा,
ती खाली बघून काहीतरी मोजत होती.

ब्रेकपाशी कथबर्टनं टोपी काढली.
यार्डात अशा वेळी टोप्या हवेत उडवतात म्हणे.
त्यानं फक्त काढली,
आतून पाहिली, परत घातली.

नोंद: दोष नाही. प्रेक्षक ४१.

बाराव्याला पुन्हा अडलं.
एकोणिसावा शेवटचा.
नदीवरचं शेवटचं यार्ड सात वर्षांनी मिटलं,
त्याची नोंद ठेवणं माझ्याकडे नव्हतं.

हौद वेअरडेलच्या एका मेंढपाळानं नेला, भंगाराच्या भावात.
एकदा बसनं जाऊन पाहून आले.
औषधाचं पिवळं पाणी भरलेलं,
मेंढ्या एकीमागून एक ढकलल्या जात होत्या,
कान मिटून, तक्रार करत.
दर मेंढीला लाट उठायची
आणि काठाच्या बोटभर खाली
थांबायची.