बारावा

लिंझच्या त्या हॉलमध्ये कोळसा नव्हता.
चेलो मी माझ्याच मफलरात गुंडाळून आणला
आणि बोटांवर फुंकर मारत बसलो,
तेव्हा हेर्मिने श्टाडलोबरबाईंनी कागद पुढे सरकवला :
बारा सूर, एका ओळीत, पेन्सिलीने.
खाली नियम, तोही पेन्सिलीने –
सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत
कुणीही दुसऱ्यांदा यायचं नाही.

मी म्हटलं, बाई, हे संगीत आहे की रेशनची रांग?

त्या हसल्या नाहीत.
"रांगच," म्हणाल्या. "पुलाजवळच्या बेकरीसमोरची.
सत्तेचाळीसचा फेब्रुवारी. वाजवा."

पहिला एस : कुलपं दुरुस्त करणारा प्रोकोश,
पहाटे चारपासून उभा, जाडाभरडा.
तिथून एकदम वर उडी, दे : भूगोलाच्या बाई,
ज्यांच्या नकाशातले निम्मे देश आता नव्हते.
फिस आणि गे या दोघी बहिणी,
अर्ध्या सुराच्या अंतरावर उभ्या
आणि सहा वर्षं अबोला.
मी एकेक वाजवत गेलो.
ओळखीचं गाणं जरा कुठे होऊ पाहतंय
तोच पुढचा कुणी मध्ये येऊन उभा राही,
खांद्यावर बर्फ घेऊन.

मग त्यांनी रांग आरशात धरली :
जेवढं चढलात तेवढं उतरा.
बारा गुणिले बारा घरांचा तक्ता
शब्दकोड्यासारखा भिंतीला ठोकलेला,
त्याच्या एका कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा डाग.
मला रात्री स्वप्नातही आकडे पडायचे,
बायकोला वाटे मी कर्ज मोजतोय.

आणि बारावा सूर, हा.
आमच्याकडे त्या सुराचं नावच तसं : हा.
त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं,
*बोट ठेवा. गज फिरवू नका.*

ही नक्कल करताना झालेली चूक असणार,
म्हणून मी गज फिरवला.
त्यांनी माझं मनगटच धरलं.

"पाव अकरा होते."

त्यापुढे एक शब्द नाही.
हा म्हणजे कोण?
पोरगा, म्हातारा, की त्या स्वतः?
विचारायचं धैर्य झालं नाही, आणि नंतर
विचारायला त्या राहिल्या नाहीत.

कार्यक्रमाला एकोणतीस माणसं आली.
सहा मध्येच उठून गेली, खुर्च्या करकरल्या.
वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं, हे नुसतं गणित आहे.
खरं होतं ते.
मोजूनच उरला होता तो एक.

पण त्या गृहस्थाने शेवटचा भाग ऐकलाच नाही.
तिथे रांग मागच्या टोकाकडून चालू लागते,
नियमच तसा; बाईंनी काही केलं नाही,
फक्त तोंडं फिरवली.

म्हणजे सुरुवात अशी :
तारेवर माझं बोट, गज हवेत,
हॉल गप्प.
लोकांना वाटलं, मी विसरलो.
पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं.
पियानोवाल्या राइटमायरने घाबरून माझ्याकडे पाहिलं.
बोटाखालची तार थंड होती
आणि किंचित हलत होती, बहुधा माझ्याच नाडीने.

कागदावर चार मात्रा लिहिल्या होत्या.
मी चारही दिल्या, एकही न कापता.

मग बाकीच्यांना आत घेतलं.