साडेदहाला नऊ

डॉक्टर तुरकरबाईंनी लेटरहेडवर लिहून दिलं,
खाली जांभळा शिक्का:
सदर इसम नियमित औषधे घेत असून
परदेश प्रवासास हरकत नाही.
सदर इसम म्हणजे मी.
इतकं सरळ वाक्य माझ्याबद्दल
नऊ वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं.
तिरोड्याच्या झेरॉक्सवाल्याने पाच प्रती काढल्या,
वाचलं, कागद पालथा ठेवला,
पैसे चारच प्रतींचे घेतले.

नऊ वर्षांमागे, ऐन रोवणीत,
मी चार रात्री निजलो नव्हतो.
बोडीवर सारस दोनच होते.
मी शाळेच्या भिंतीवर चुन्याने आकडा लिहीत गेलो:
दोन, वीस, दोनशे,
पुढची शून्यं शिडी लावून.
पोरांनी टाळ्या वाजवल्या,
मोठ्यांनी दोर आणला.
भिंतीला तीनदा रंग दिला त्यानंतर,
ओल धरली की एक शून्य अजून वर येतं.

आता मी वहीत मोजतो.
पहाटे, पाळीवर बसून, दिसतील तेवढेच.
त्या वहीचंच बोलावणं आलं कंबोडियाहून.
यमलताने नाव तीनदा म्हणून पाहिलं,
मग विचारलं, "तिथं रात्र कई होते?"
दीड तास आधी, म्हणालो.
तिने कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं,
आपले नऊ म्हणजे तिथले साडेदहा.
"गोळी आपल्या नऊला घ्या.
देश बदलो, गोळीचं गाव बदलायचं नाही."

विमानतळावर शिपायाने डबा हलवला,
"ये क्या है?"
नमक, म्हणालो. खोटं नव्हतं.
लिथियम म्हणजे मीठच,
फक्त वरणात नाही, माणसात घालतात,
आणि माणूस थोडा आळणी होतो.
त्याने पत्र वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा पत्र वाचलं.
जा, म्हणाला, पण डबा मात्र
दोन बोटांनी धरून परत दिला.

तिथलं तळं फार परकं नव्हतं.
कापलेल्या बांध्या, म्हशी, कमळाचे सुकले देठ,
आणि तीच लाल मान, तोच ताठा.
एक काळ होता, हे पक्षी माझ्याशी बोलले असते.
मी दुर्बीण पुसली.
तेहतीस, लिहिलं.
पुन्हा मोजले. तेहतीस.

सभेत नकाशावर काठी धरली,
काठीचं टोक थरथरत
एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाऊ लागलं.
गोळीचा हात आहे तो, माझा नाही,
पण हे कुठल्या भाषेत सांगावं?
पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली,
तरातरा गेली
आणि एसी बंद करून आली.
मग सगळे माझ्यासाठी घामाघूम होऊन बसले.
मी पुढे बोललो.

तिसऱ्या रात्री तीनला डोळा उघडला.
परकी गादी आहे म्हणून,
की ते येतंय परत, पाय न वाजवता?
खिडकीबाहेर दिवे फार स्पष्ट दिसत होते.
एवढे स्पष्ट दिसायला नको होते.
आपल्याकडे दीड वाजला असणार.
फोन पहिल्याच घंटीला उचलला.
सारस किती दिसले, हे तिने विचारलंच नाही.
"किती तास निजले तुमी?"
पाच, म्हणालो.
ती गप्प.
"शून्य तर नाही ना लावलं मागं?"
मला हसू फुटलं, एकट्याला, अंधारात.
साडेतीन, म्हणालो. खरं साडेतीन.
"बरं. सकाळी बाईंना विचारते.
पाणी प्या. दिव्याकडे पाठ करा."

फोन तिने ठेवला नाही,
उशीजवळ तसाच सोडला असावा.
पलीकडे आमचा पंखा
दर चौथ्या फेरीला अडकतो,
तसा अडकत होता.