घंटेतली हवा

बेळगावात, उद्यमबागेत ओतलेली ही पितळी घंटा
मीच दिली क्लबला, नाव कोरून.
आत पोकळी राहिली होती, हरभऱ्याएवढी.
लांबी भरली, पॉलिश मारलं. कोण बघतंय?

दर गुरुवारी अध्यक्ष टोला देतात.
सचोटीवर भाषण, मग उप्पीट,
आणि हुक्केरीकरांचे तेच विनोद.

परवा मोतीबिंदूचं शिबिर.
पट्टी सोडायला आलेला भीमप्पा,
माझ्याच भट्टीवरचा जुना मोल्डर.
डोळा अजून बांधलेला, आणि घंटा वाजली.
मान कलती करून म्हणाला,
"मालक, ह्यात हवा राहिलीय की ओ."

सगळे हसले. मीही,
जरा उशिरा.

काल घंटा भट्टीत गेली.
नाव वितळायला फार वेळ लागला नाही.
आज अध्यक्षांनी
स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून
सभा सुरू केली.