नऊने भागू नये

क्लाक्सविकच्या कारखान्यातून बिर्नाचा फोन:
काल रात्री तुझ्या कॅमेऱ्याने
चारशे बारा मासे नासके ठरवले.
सगळे शेपटाशी. सगळे ताजे.
मी स्वतः वास घेतला, म्हणाली,
आणि तो फोनमधून माझ्या स्वयंपाकघरात आला.

काम तसं किरकोळ.
सॅमनच्या कापावरची ओली चकाकी पुसायची,
चित्र जरासं धूसर करायचं,
म्हणजे लखलखाटाला न भुलता
रक्ताचा खरा डाग दिसतो.
प्रत्येक ठिपका आणि त्याचे आठ शेजारी,
नऊ जणांची बेरीज, भागिले नऊ.
शाळेतली सरासरी. सी-मध्ये वीस ओळी.

मागच्या आठवड्यात दुखणं वेगळं होतं:
चित्र उजवीकडे खाली ओघळायचं,
वाऱ्यात वाळत घातलेल्या ओल्या चादरीसारखं.
दोन दिवस लूप मोजत बसले.
मग कळलं, ज्या ताटात वाढतेय
त्यातूनच खातेय.
डावीकडचा शेजारी आधीच उष्टा,
वरची ओळ तर सबंध उष्टी,
आणि मी विचारतेय, तुझा मूळ रंग कोणता?
मेमरीत दुसरं ताट मांडलं.
ओघळ थांबला. वाटलं, सुटले.

पण काठ काळा.
चारी बाजूंनी एका ठिपक्याएवढी,
नखात अडकलेल्या शाईसारखी रेघ.
कंपायलर गप्प. ना चूक, ना इशारा.
कोपऱ्यातला आकडा छापून घेतला:
आत जाताना एकशे ऐंशी,
बाहेर येताना ऐंशी.
शंभर कुठे सांडले?
रात्री दीड वाजता मी टेबलाखाली वाकून पाहिलं.
खरंच पाहिलं.

सकाळी हानुसकडे गेले, दूध संपलं होतं म्हणून.
ऑक्टोबर, मेंढ्या कापायचे दिवस.
फळीवर त्याने वाटे घातले होते,
मांडी, बरगडी, थोडी चरबी,
नीट नऊ.
आमच्या वाडीत धूर मात्र चारच घरांतून निघतो.
पॉउला लेकीकडे गेली ती गेलीच,
दोन घरं उन्हाळ्यापुरती उघडतात,
उरलेल्या दोघांची नावं आता चर्चच्या मागे, दगडावर.
नऊ का? मी विचारलं.
त्याने सुरी विजारीला पुसली.
नऊच असतात, म्हणाला.
आणि माझा वाटा माझ्या हातात दिला.

तो हातात तोलताना,
तिथेच उभ्या उभ्या, मला माझी सोळावी ओळ दिसली.
कोपऱ्यातल्या ठिपक्याला, धरून त्याला स्वतःला, चारच जण.
कडेपलीकडे कोणी नाही हे मला ठाऊक होतं,
तपासून, वगळून, बेरीज चौघांचीच करत होते,
आणि भागत होते नऊने.
चार गुणिले एकशे ऐंशी, सातशे वीस.
भागिले नऊ.
घ्या. ऐंशी.

दूध तिथेच विसरून घरी पळाले.
एक आकडा नवा धरला:
जो हजर, तो मोजायचा,
जितके मोजले तितक्यांनीच भागायचं.
रात्री बिर्नाचा निरोप आला,
आज तीनच बाजूला. तिन्ही खराब.

हानुसला मी काही सांगितलं नाही.
खिडकीतून दिसत होता,
कंदील घेऊन खोपीत शिरलेला.
उरलेले पाच वाटे
वाऱ्यावर सुकायला टांगत होता,
प्रत्येक टांगताना ओठ हलत होते.
काच बंद होती.
पण घरांची नावं मलाही पाठ आहेत.