अर्धं तिकीट

वही माझ्याकडे, कारण गल्लीत बी.कॉम. झालेली मीच.
पहिल्या पानाला हिवराज लांजेवारनं
स्वतः हळदकुंकू लावलं, वर 'श्री' काढला,
खाली पिच्चरचं नाव: शुक्रावरचा पावना.
म्हणाला, लपवाचं काई नाई, बाई.
जे गेलं ते लिही.

तर गेलं ते असं.
वडश्याहून कॅमेरा, बारा दिवस, छत्तीस हजार.
कॅमेऱ्यासोबत आलेला पोरगा, त्याचा खर्रा वेगळा.
यान म्हणून राईस मिलची मोडकी टाकी, फुकट,
पण ती विटाभट्टीवर न्यायला ट्रॅक्टर, अडीच हजार,
आणि आपली भट्टी म्हणजे शुक्र
हे भट्टीवाल्याला पटेपर्यंत
एक बकरा.

चंद्रभान मेश्रामनं ताडपत्रीचा चंदेरी पोशाख शिवला.
शिलाई घेतली नाही, नाव मोठं द्या म्हणाला.
पडद्यावर ते 'चंद्रभाग' आलं, मोठं.

पावन्यानं जिवंत कोंबडी खायची होती.
कोंबडी एक, साडेचारशे. पळाली.
कोंबडी दुसरी, पाचशे,
कारण विकणारीनं गरज ओळखली.

लाईट दुपारीच जायची, म्हणून जनरेटर,
जनरेटरला डिझेल, डिझेलसाठी हिवराजच्या डीजेचे दोन बॉक्स
मोहरीच्या पाटलाला विकलेले.
(हे तो सांगत नव्हता. मी पावती पाहिली.)

शुक्रावरचं धुकं तेवढं विनाखर्चाचं:
मिलमध्ये पहाटे धान उकडतात, ती वाफ.
पडद्यावर ती पसरली की अजून मला
ओल्या कोंड्याचा वास येतो.
वासाला वहीत रकाना नाही.

एकूण एक लाख तेरा हजार सहाशे चाळीस.
दोनदा बेरीज केली.
हिवराज म्हणाला, तिसऱ्यांदा नको.

सातव्या दिवशी झितरू कुमरे, आमचा पावना,
पिकअपमध्ये बसून तेलंगणात गेला, मिरची तोडायला.
मुकादम थांबत नाही, शुक्रासाठीसुद्धा.
मग पोशाखात हिवराजचा साळा शिरला.
उंची तीच, तोंडावर डबा. कोणाला कळणार होतं?

शंकरपटाच्या मैदानात तीन रात्री तीन खेळ, तिकीट वीस.
शेजारच्या दोन मंडपांत दोन नाटकं,
त्यांच्या नाच्या बायांचे पोस्टर आमच्या यानापेक्षा मोठे.
दोनशे अकरा. एकशे त्र्याण्णव. एकोणनव्वद.
कनातीखालून शिरलेली पोरं धरली नाहीत,
ना हिशोबात, ना हातानं.

पहिल्या रात्री मध्यंतरानंतर पाच मिनिटांत
बिरजाबाई कुमरे बाहेर आली, झितरूची माय.
मी विचारलं, का झालं?
"इथून हा मावा झितरू नोय," म्हणाली.
"मावा डाव्या पायावर झुकते. लहानपनी बैलगाडीतून पडला."

दोनशे अकरा माणसं. एकीलाच दिसलं.

तिसऱ्या रात्री ती परत आली,
पदराची गाठ सोडून दहाची नोट ठेवली.
"मले अर्धाच पायचा हाय, बाई. अर्धेच घे."
मी तिकीट मधून फाडलं.
ती पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली.
डबा घातलेला एक पावना
वाफेतून डावीकडे झुकत झुकत आला,
आणि ती मान वाकडी करून बघत होती,
डब्याच्या आत.
मध्यंतराचा दिवा लागायच्या आधीच उठली.

जमा नऊ हजार आठशे सत्तर.
तूट एक लाख तीन हजार सातशे सत्तर.

हिवराजनं तुटीवरून नजर तशीच पुढं नेली,
थांबला तो जमेवर.
"विसाच्या पाढ्यात हे दहा कुठून आले?"
मी सांगितलं.
तो खर्ऱ्याची पन्नी बराच वेळ चोळत राहिला,
बाहेर मिलचा भोंगा झाला, माणसं पाळीला गेली.

मग म्हणाला, पान उलट.
लिही: उरलेला अर्धा भाग, झितरू आल्यावर.
अंदाजे खर्च लिही.
मी पेन धरून बसले.
"कोंबड्या," तो म्हणाला,
"आताच दोन लिहून ठेव."